चौथा ओढा

त्या सकाळी दुकान उघडून मी प्रिंटरमध्ये कागद भरत होते, तेवढ्यात मोबाईल वाजला. पडद्यावर 'चाचा रंगारी' हे नाव दिसलं, म्हणून मी नेहमीच्याच तोऱ्यात म्हणाले, "या लवकर, एक शब्द राहिलाय तुमचा." पलीकडून त्यांच्या मुलीचा, नसीमचा आवाज आला. "ताई, अब्बा गेले… पहाटे चहा मागितला, आणि मी चहा घेऊन येईपर्यंत…" टेबलावर आदल्या दिवशीचा अर्ज तसाच पडला होता. त्या अर्जात ओढा हा शब्द चार ठिकाणी आहे. पहिल्या तीन ठिकाणी शब्दाखाली बोटाचा जांभळा डाग आहे, चौथ्याखाली नाही. आदल्या दिवशी तिसऱ्या शब्दापाशी चाचांना धाप लागली. मी पाणी दिलं, खुर्ची पुढे केली. घोटभर पाणी पिऊन ते म्हणाले, "ऱ्हायलेला उद्या बगतो. वढा काय कुटं पळून चाललाय व्हय?" आणि काठी टेकत निघून गेले.

वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहिण्याची ही माझी पहिलीच वेळ. कोर्टामागच्या बोळात माझं टायपिंगचं दुकान आहे आणि गेली तीसेक वर्षं मी दुसऱ्यांचं म्हणणं टाईप करत आले. आधी खडखड करणाऱ्या मशीनवर, आता कॉम्प्युटरवर. वारसाची नोंद, शाळेचा दाखला, भावाभावांची भांडणं, सगळं माझ्या बोटांखालून गेलं. दुकानाच्या पाटीवर 'शुद्ध व अचूक मराठी टंकलेखन' असं लिहिलेलं आहे आणि त्या पाटीचा मला फार अभिमान. कुणी ऱ्हस्व-दीर्घ चुकवलं की माझ्या कपाळावर आठी चढते. माझा हा स्वभाव आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगायचं आहे त्याला तो कारण आहे.

बशीरचाचा म्हणजे नगरातले जुने रंगारी. साडीच्या फॉलला, ब्लाऊजच्या अस्तराला हुबेहूब रंग हवा असला की कापडबाजारातले दुकानदार बायकांना त्यांच्याकडे पाठवायचे. साडीचा पदर दोन बोटांत धरून ते उजेडाकडे न्यायचे, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "उद्या न्या." दुसऱ्या दिवशी फॉल साडीवर ठेवला की कुठे साडी संपली आणि कुठे फॉल लागला ते कळायचं नाही. बोटं कायम रंगलेली. सोमवारी हिरवी असतील तर गुरुवारी राणी. त्यांची वस्ती शहराच्या कडेला, ओढ्याच्या काठावर. वर औद्योगिक वसाहत आहे. तिथले निम्मे कारखाने कुलूप लावून बसलेत, आणि शिकलेली पोरं सकाळच्या एसटीने पुण्याकडे जातात ती शनिवारीच उगवतात. उरलेल्यांपैकी कुठल्या तरी कारखान्याचं पाणी ओढ्यात उतरायचं. कधी पिवळसर, कधी साबणासारखं फेसाळ. वस्तीतल्या बोअरच्या पाण्याचा चहा टाकला की दूध फाटायचं, पोरांच्या पायांना खाज सुटायची. पण लोक काय करणार? "गटारापलीकडं ऱ्हायचं म्हनल्यावर असंच" असं म्हणून गप्प बसायचे. रिक्षावाले तर त्या वस्तीला 'गटारापलीकडची' असंच म्हणायचे. ओढ्याला कुणी ओढा म्हणेनासं झालं होतं.

चाचा पहिल्यांदा माझ्याकडे आले ते कापडाचे दोन तुकडे घेऊन. दोन्ही टेबलावर पसरले आणि म्हणाले, "ताई, यातला राणी कंचा?" एक लखलखीत राणी होता, दुसरा विटकरीकडे झुकलेला, मळका. मी बोट दाखवलं. "दोनीबी राणीच हायत," ते म्हणाले. "पुडी येकच, हात येकच. ह्यो नळाच्या पान्यातला आन ह्यो बोअरच्या. पानी बदललं की रंग खोटं बोलाय लागतो. आता लिवा." डॉक्टरांना, पुढाऱ्यांना जे दिसत नव्हतं ते या माणसाला एका फॉलवर दिसलं होतं. एका बाईच्या मुलीच्या लग्नातल्या साडीचा फॉल बिघडला, ती रागवून गेली, आणि चाचांना रात्रभर झोप आली नाही. आपला हात गेला की काय, या धास्तीने त्यांनी दोन पाण्यांत रंग करून पाहिला. मी अर्ज टाईप केला आणि दोन्ही तुकडे स्टेपलरने जोडले. महिन्याभराने सरकारी कार्यालयातून उत्तर आलं की कापडाचे तुकडे पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाहीत. तुकडे मात्र परत आले नाहीत. चाचा हसून म्हणाले, "सायेबाच्या बायकोला अस्तर कमी पडलं आसंल."

तेव्हापासून ते दर पंधरा दिवसांनी यायचे. येताना कागदात बांधलेली भजी आणायचे, माझ्या टेबलावर तेलाचे डाग पडायचे आणि मी कुरकुरायची. सांगण्याची त्यांची एक पद्धत होती. आधी डोळे मिटायचे, मग एकेक वाक्य सावकाश सांगायचे. आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "ताई, वढा लिवा. गटार न्हाई." मी म्हणायची, चाचा, कळलं. तरी पुढच्या खेपेला पुन्हा तेच. माझं माहेर जामखेडकडचं. आईवडील दर साल ऊसतोडीला कोपरगावच्या बाजूला जायचे आणि मी मावशीकडे राहून शिकले. आमच्याकडच्या ओढ्यांना वर्षातले आठ-नऊ महिने पाण्याचा थेंब नसायचा, नुसते गोटे आणि वाळू. तरी त्याला सगळे ओढाच म्हणायचे. त्यामुळे चाचांचं म्हणणं मला पटायचं, पण एका शब्दासाठी एवढा आग्रह कशाला, असंही वाटायचं. एकदा तसं विचारलं, तर म्हणाले, "गटारात घान टाकली तर कुनाचा गुना? कुनाचाच न्हाई. ती टाकायचीच जागा. वढ्यात टाकली तर गुना. समदा फरक त्या शबदात हाय, ताई." 

स्वतःचंही ते झाकून ठेवत नसत. तरुणपणी आपल्या वडिलांबरोबर रंगाचं पाणी तेही ओढ्यातच सोडायचे. "आमीबी लाल केलाय त्याला," ते म्हणायचे. "चूक ती चूक." मग त्यांनी अंगणात खड्डा खणला, त्यात कोळसा नि वाळू भरली आणि रंगाचं पाणी तिथे जिरवायला लागले. वस्तीतल्या काहींना भीती होती की अर्जांमुळे कारखानाच बंद पडला तर आहे ते कामही जाईल. त्यांनाही चाचा समजावत. "बंद करा कोन म्हनतंय? पानी धुऊन सोडा म्हनतो मी. आमी कापड न्हाई का धूत, तसं." पाणी धुणं हा शब्द मी शुद्ध मराठीत 'प्रक्रिया करणे' असा केला, तेव्हा त्यांचा चेहरा थोडा पडला होता.

आता ती गोष्ट सांगते, जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

बऱ्याच खटपटीनंतर सुनावणी मिळणार होती. त्यासाठी नवा, सविस्तर अर्ज हवा होता. तो शुक्रवार होता. चाचा नमाज आटोपून आले, बाहेर दोन गिऱ्हाइकं खोळंबलेली, वीज ये-जा करत होती. आम्हा टायपिंगवाल्यांची एक सवय असते, कोरा कागद घेऊन कुणी बसत नाही. जुना अर्ज उघडायचा, नाव-गाव बदलायचं, मजकूर बदलायचा. त्या आठवड्यात दुसऱ्या एका गल्लीतल्या माणसाचा 'गटार तुंबल्याबाबत' असा अर्ज मी केला होता. घाईत तोच उघडला आणि त्यावर चाचांचा मजकूर चढवला. विषयाच्या ओळीत आणि पहिल्या परिच्छेदात 'गटार' तसंच राहिलं. चाचांना उर्दू वाचता यायचं, मराठी नाही. म्हणून सही करण्याआधी ते म्हणायचे, "वाचून दावा." मी वाचून दाखवलं. आणि वाचताना, डोळ्यांसमोर 'गटार' असताना, माझ्या तोंडातून 'ओढा' आलं. त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलेला शब्द जिभेवरच बसला होता. चाचांनी डोळे मिटून सगळं ऐकलं, मान डोलावली आणि खाली उर्दूत सही केली.

सुनावणीला वस्तीतली पंधरा-वीस माणसं टेम्पोतून गेली. बायका होत्या, मीही गेले. साहेब वाईट माणूस नव्हता, कंटाळलेला होता. त्याने चष्मा लावला आणि विषयाची ओळ मोठ्याने वाचली, "गटारात दूषित पाणी येत असल्याबाबत." मग वर बघून म्हणाला, "चाचा, गटारात दूषितच पाणी येणार. स्वच्छ आलं तर तक्रार करा." कारखान्याकडचा वकील हसला, त्याच्या शेजारचे दोघे हसले. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. मला वाटलं, आता चाचा वळून माझ्याकडे बघतील… ते वळले नाहीत. समोरच बघत म्हणाले, "शबुद माझा हाय, सायेब. सवयीनं तोंडातनं गेला. ताईंनी मी सांगितलं तसं टायपलं." अर्ज निकाली निघाला. नव्याने अर्ज करा, असं सांगण्यात आलं आणि त्या 'नव्याने'त पुढे दोन वर्षं गेली. 

मी तेव्हा बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, साहेब, चूक टायपिंगची आहे. पण ओठ उघडले नाहीत. पाटीवरचा 'अचूक' डोळ्यांसमोर आला, कोर्टामागच्या बोळातले बाकीचे टायपिस्ट डोळ्यांसमोर आले. परत येताना टेम्पोत सांगू, असं मनाशी म्हटलं. टेम्पोत चाचांनी मला पुढची, ड्रायव्हरशेजारची जागा दिली आणि स्वतः मागे उभे राहिले. मागून एकाचा आवाज ऐकू आला, "आयुष्यभर वढा वढा करून आयत्या वक्ताला गटार म्हनला की हो म्हातारा!" चाचांनी त्यावर काय उत्तर दिलं ते टेम्पोच्या आवाजात मला कळलं नाही. उतरताना ते मला एवढंच म्हणाले, "दमला असाल, ताई. जावा घरी."

पुढच्या आठवड्यात ते दुकानात आले आणि म्हणाले, "वढा कसा लिवतात ते मला दावा." मी एका वाया गेलेल्या कागदाच्या मागे मोठ्या अक्षरात 'ओढा' लिहून दिलं. बराच वेळ त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग प्रश्न आला, "आन वढ्यात कसं?" मी 'ओढ्यात' लिहिलं. "ह्यो तर निराळाच दिसतोय." मी म्हटलं, चाचा, ढ बघा, ढ दोन्हीकडे आहे. मराठी शाळेत मठ्ठ पोराला ढ म्हणतात, हेही सांगितलं. त्यांना ते फार आवडलं. "मंग बराबर. आमी ढच. आमाला ढ सापडंल." तो कागद घडी करून त्यांनी टोपीत ठेवला. त्यानंतर कुठलाही अर्ज छापला की चाचा आधी तो हातात घ्यायचे, ओळीओळीवरून बोट फिरवायचे, ढ दिसला की तिथे थांबायचे, ओठांतल्या ओठांत "वढा" म्हणायचे आणि पुढे सरकायचे. बोट रंगलेलंच असायचं. प्रत्येक ओढ्याखाली कधी हिरवा, कधी केशरी डाग पडायचा. मग मला दुसरी स्वच्छ प्रत काढावी लागायची. डाग पडलेल्या प्रती मी फाईलला लावून ठेवत गेले.

खरं सांगायचं तर ते बोट मला टोचायचं. मला वाटायचं, चाचा तोंडाने काही बोलत नाहीत, पण आता माझ्यावर भरवसा राहिलेला नाही. ते मला तपासतात. माझी चूक मला माहीत होती, त्यांनाही माहीत होती, आणि माफी मात्र मी मागितलेली नव्हती. त्यामुळे राग उलटा त्यांच्यावरच यायचा. भजी घेऊन आले तरी मी नीट बोलायची नाही. एकदा तर मीच फाडकन म्हणाले, "चाचा, विश्वास नसेल तर दुसरीकडे टाईप करून घ्या." ते गोंधळले. मग हसून म्हणाले, "इस्वास हाय म्हनून तर येतो." मला ते उत्तर पळवाटेसारखं वाटलं. शहराचं नाव बदललं त्या दिवसांत मी सगळ्यांचे अर्ज नव्या नावाने दुरुस्त करत बसले होते. ते पाहून चाचा म्हणाले, "येवढ्या मोठ्या शहराचं नाव बदललं बगा. माझ्या वढ्याला तर नवं नाव नको, जुनंच परत पायजे, तेबी जमंना." मी हसले नाही. आज ते आठवलं की वाटतं, निदान तेव्हा तरी हसायला हवं होतं.

मयतीच्या दिवशी मी त्यांच्या बोळाच्या तोंडाशी बायकांबरोबर उभी होते. जनाजा निघाला. मागे राहिलेल्यांत वस्तीतले दोघे बोलत होते. एक जण म्हणाला, "मानूस लई चांगला हुता, पर त्या येका शबदानं समद्यांचं घालवलं बगा." दुसऱ्याने मान हलवली. मी हातभर अंतरावर होते. आता तरी बोल, असं मनात दहादा म्हटलं… आणि पदर तोंडाशी धरून उभी राहिले. एकाच माणसाच्या बाबतीत मी दोनदा गप्प राहिले. पहिल्यांदा ते समोर होते, दुसऱ्यांदा खांद्यावरून चालले होते.

चाळिसाव्याला नसीमकडे गेले. अंगणात चाचांची पातेली पालथी घातलेली होती, दोरीवर एकच अस्तर वाळत होतं. आता ती स्वतः थोडंफार रंगवते. तिने त्यांची टोपी आणून माझ्यापुढे ठेवली. आत माझ्या अक्षरातला तो कागद होता, घडीवर विरलेला. मी धीर करून तिला सगळं सांगितलं. त्या शुक्रवारचं, जुन्या अर्जाचं, वाचताना जीभ घसरल्याचं. आणि शेवटी म्हटलं, "म्हणूनच ते माझं काम तपासायचे ना?" नसीम माझ्याकडे बघतच राहिली. "तपासायचे? ताई, अब्बा म्हणायचे, ती बाई दिवसभर साऱ्या नगरचं वाचत बसते, तिचे डोळे थकलेत. सगळा अर्ज काही मला वाचता येत नाही, पण एक शब्द मी सांभाळला तर तेवढं तिचं ओझं कमी. ढ शिकायला रोज रात्री पाटी घेऊन बसायचे." ती हे अगदी सहज बोलली आणि चहा ठेवायला आत गेली. मी टोपी हातात घेऊन बसून राहिले. दोन वर्षं ज्या बोटाचा मी राग केला ते माझ्या मदतीला येत होतं, आणि मी त्याला उठून दुसरीकडे जा म्हणाले होते. त्या अंगणात मला जे रडू आलं ते मयतीच्या दिवशीही आलं नव्हतं.

म्हणून आज हे छापून सांगते. वस्तीतल्या ज्यांनी तेव्हा चाचांना नावं ठेवली, जे अजून ठेवतात, त्यांनी हे वाचावं. वाचता येत नसेल त्यांना शेजाऱ्याने वाचून दाखवावं आणि दाखवताना नजर कागदावर ठेवावी. 'गटार' हा शब्द बशीरचाचांचा नव्हता. त्यांच्या तोंडातून तो कधीच गेला नाही. तो माझा होता. शुद्ध आणि अचूक टंकलेखनवाल्या बाईने तो घातला, चुकीचा वाचला, आणि भर सुनावणीत त्यांनी तो स्वतःच्या अंगावर घेतला.

शेवटचा अर्ज नसीमच्या सहीने दिला. कार्यालयात दिली ती स्वच्छ प्रत. ओढ्याला अजून फेस येतो, चहा अजून फाटतो, पुढची तारीख अजून कळलेली नाही. डागांची प्रत मात्र माझ्याकडेच आहे. सकाळी दुकान उघडलं, फडकं मारलं की मी ती काढते. पहिल्या तीन ओढ्यांखालचा जांभळा आता थोडा फिका पडत चाललाय. मी चष्मा लावते, बोट ओळींवरून नेते आणि चौथ्यापाशी थांबते. डोळे त्या शब्दावरून न हलवता, ते म्हणायचे तसं मोठ्याने म्हणते, "वढा." मग थोडा वेळ दाराकडे बघते… बोट उचललं की खाली डाग पडलेला नसतो.